महांतेशचे मेल

४ सप्टेंबर २००३, धारूर

आलो एकदाचा! आष्टीतून निघताना माय रडली, बहीण बबिता हसली, आणि मी दोघींकडं न बघता खिडकीची जागा धरली. घाट चढताना गाडी अशी कण्हत होती की वाटलं, आता उतरून ढकलावी लागते. पण गाव बेस हाय. किल्ला हाय, हवा गार हाय, आणि बाजारात सीताफळं नुकती यायला लागलीत.

मालक वैजिनाथअप्पा. खाली बी-बियाणं आणि खताचं दुकान, वर त्यांचं घर, माडीवर मला खोली. माणूस कमी बोलणारा, कपाळाला विभूती. दुकानाचं सगळं काम कॉम्प्युटरवर घ्यायला मला ठेवलंय, पण त्याच्या आधी एक करायचं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मुलाचे मेल हायत, ते नव्यात सुखरूप हलवायचे. जुनं मशीन आत कटकट वाजतंय, कधी जीव सोडील नेम न्हाई. मी म्हणालो, अप्पा, एका दुपारचं काम हाय, काळजीच सोडा.

रात्री त्यांच्या घरच्या जगदेवीकाकूंनी वाढलं ते विचारू नका. शेंगदाण्याची पोळी आणि वर तुपाची धार! नको नको म्हणत हाणल्या. दिवाळीपर्यंत मायला इकडंच आणायची, असं पक्कं केलंय. बाप गेल्यापासून लोकांच्या शेळ्या राखते बिचारी. लई झालं आता.

५ सप्टेंबर

माझी फुशारकी मातीत गेली. फाईल सीडीवर घेतली, नव्या मशीनमध्ये टाकली. मेलची यादी दिसते, तारखा दिसतात, उघडावं तर आत कोरं. दुसऱ्या रीतीनं करून बघितलं, पुन्हा कोरं. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना फोन लावला तर म्हणतात, असं होतच नसतं. मी म्हणालो, सर, होतंय, येऊन बघा.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ते असं जायचं न्हाई. मग सगळं सांगितलं. महांतेश एकुलता एक. अमेरिकेत नोकरीला होता, दोन सालांमागं तिथंच गाडीच्या अपघातात गेला. समाधी इथं मळ्यात हाय. होता तवर मेल यायचे, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. काकूंना ती अक्षरं येत न्हाईत, म्हणून दुकानातलं कुणीतरी वाचून दाखवायचं. आता तू वाच, म्हणाल्या, मोठ्यानं. वाचलास की जाईल.

हसू आलं, पण त्यांचं मन मोडावं कावून? पहिला मेल वाचला. आई, मी पोचलो, इथं मरणाची थंडी आहे, असं काहीतरी. वाचून झाल्यावर नव्या मशीनवर बघितलं. तो मेल उघडला. बाकीचे सगळे कोरेच.

पुन्हा पुन्हा तपासलं. तोच एक उघडतोय.

९ सप्टेंबर

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आमचं वाचन चालतं. काकू समोर शेंगा फोडत बसतात आणि मेलला उत्तरं देत जातात. तो लिहितो, मी वरण करायला शिकलो. ह्या म्हणतात, हिंग घातलास का रे? आणि बघतात माझ्याकडं. पोरगा मोठा गमत्या होता.

आज मधीच लाईट गेली. पडदा काळा झाला. मी वाचत राहिलो. बर्फ, त्यात रुतलेला बूट, शेजारच्या म्हातारीनं दिलेले हातमोजे, सगळं सांगून शेवटचं 'तुझा महांतेश' म्हणालो, तवा ध्यानात आलं की समोर काहीच न्हाई. लाईट आल्यावर ताडून बघितलं. शब्दाला शब्द तेच.

काकू शेंगा फोडतच होत्या.

१३ सप्टेंबर

अप्पांनी सहज विचारलं, तुझे वडील कशानं गेले? मी तोंड उघडलं आणि काही आलंच न्हाई. बापाचं नाव सटवा, एवढं माहीत हाय. चेहरा न्हाई. आवाज न्हाई. त्या जागी कपाळाला विभूती लावलेला एक उंच माणूस मला सायकल शिकवतोय, मागून सीट धरून पळतोय. तो माणूस अप्पा हाय.

मायच्यान सांगतो, भ्यालो.

अप्पांना म्हणालो, मी हे वाचणार न्हाई, मी चाललो घरी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, मी बी वाचून बघितलं रे, पहिल्याच ओळीला रडू फुटतं, पुढं वाचवत न्हाई. मशीन बंद पडलं तर ही मरंल. लेक एकदा मातीत ठेवलाय, पुन्हा ठेवायला लावू नको. मी हात सोडवले आणि पिशवी घेऊन स्टँडवर गेलो.

गाडी लागलेली होती. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मला सांगता येईना. माय हाय तिथं जायचं, पण त्या गावाला म्हणतात काय— गाडी निघून गेली. खोलीवर येऊन ह्या वहीचं पहिलं पान उघडलं. आष्टी. आष्टी. हातावर लिहून ठेवलंय. सकाळच्या गाडीनं जातो.

१४ सप्टेंबर

गेलो न्हाई. हात धुतलेला हाय. मीच धुतला असंल, दुसरं कोण धुणार? दुपारी भानावर आलो तर मशीनसमोर बसलेलो. काकू खोलीत नव्हत्याच. एकटा वाचत होतो, मोठ्यानं.

आता असं करायचं. आपलं लिहायचं आणि तेबी मोठ्यानं वाचायचं. मी हरिओम. बाप सटवा. माय भामाबाई. बहीण बबिता. गाव आष्टी.

वाचलं. कुण्या दुसऱ्याच घरचं वाचतोय असं वाटलं.

१८ सप्टेंबर

दुकानात फोन आला. एक पोरगी रडत होती. दादा, दादा म्हणत होती. माय जेवत न्हाई म्हणाली, तू कावून येत न्हाईस म्हणाली. मी विचारलं, कोण बोलतंय?

खरंच विचारलं मी. फोन ठेवून वही उघडली. बबिता. माझी बबिता हाय ती! अरे देवा—

जुनं मशीन फोडायला दुकानातलं लोखंडी वजन उचललं. हात वर गेला आणि मीच ओरडलो, माझं आहे ते, हात लावू नका! माझ्याच तोंडातून. वजन पायावर पडलं. काकूंनी हळद लावली, डोक्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं. बरं वाटलं ह्याचीच लई भीती वाटतेय.

२१ सप्टेंबर

थोडेच मेल राहिलेत. बोटं गार पडतात. ऊन एवढं कडक, तरी—

मागची पानं चाळली. हाय, न्हाई, कावून. मी असं लिहीत नाही. कुणाची वही आहे ही?

माझी. माझी हाय! मी हरि—

आईनं दूध आणलं. काकूंनी. काकूंनी आणलं.

२४ सप्टेंबर

दुपारी खाली एक बाई आली होती. अनवाणी, लुगडं धुळीनं भरलेलं. सोबत एक मुलगी. कुणा हरिओमला शोधत होत्या. अप्पा मान खाली घालून तराजू पुसत राहिले. मग मीच पुढं झालो. बाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, चल लेकरा, घरी चल. मी म्हणालो, तुमची चूक होतेय, मी इथलाच, मी महांतेश. मुलगी किंचाळली. बाई मात्र ओरडली नाही. माझ्याकडं बघत पायरीवर बसली, पदराची गाठ सोडून भाकरी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, कुणाचा का असंना, उपाशी दिसतूस, खा.

दोघी स्टँडकडं गेल्या.

भाकरी खाल्ली. इतकं रडू आलं की घास उतरेना. मी त्या बाईला ओळखतो. भीती वाटते— फार भीती वाटते— गाडी सुटायच्या आत पळत जाऊन हाक मारायला हवी, पण काय म्हणून मारू—

आई बोलावते आहे. शेवटचा मेल राहिलाय. नाही, आधी हे. मी तिला काय म्हणायचो ते ओठांवर आहे. लिहून टाकतो. ती माझी