रोवैदाची कावीळ

रविवार, १२ ऑक्टोबर
शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून शाळा उघडली, आणि आजही नाही! रोवैदा गणवेश घालून दारापर्यंत आली आणि तिथेच खाली बसली. दाराची चौकट सोडेना. बाबा म्हणाले, "तेरा वर्षांची घोडी!" मावशी म्हणाली, "नजर." आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटी, म्हणजे सगळ्या दुखण्यांवर इलाज माझ्याकडे असणारच. शिक्षिका व्हायला शिकतेय मी. सख्ख्या बहिणीला शाळेच्या फाटकापर्यंत नेता येत नाही. छान!

सोमवार, १३
मावशीने तुरटी जाळली. वितळून ज्याचा चेहरा उमटेल, त्याची नजर! आईला त्यात आत्या दिसली, मावशीला गणिताच्या बाई. मला तुरटी दिसली. शिकून वाया गेले, दुसरं काय!
नंतर रोवैदा हळूच म्हणाली, "ताई, सकाळी झेंड्यापुढे रांगेत उभी राहिले ना, की वाटतं श्वास घ्यायचंच विसरेन मी."
हे कुणाला तुरटीत दिसलं नाही.

बुधवार, १५
बाबांनी जिन्यात जाहीर करून टाकलं, रोवैदाला कावीळ झालीय! कुणीतरी विचारलं, आणि "घाबरते" म्हणायला त्यांची जीभ वळेना. कावीळ कशी घरंदाज! कावीळ झालेल्या मुलीचं पुढे लग्न तरी जमतं.
"बाबा, हे खोटं आहे."
"मग तू जाऊन सांग खरं. तू शिकलेली!"
गेले नाही.

शुक्रवार, १७
कावीळ म्हटलं की काकवी! अख्खी इमारत बरण्या घेऊन हजर. जिला चार माणसांपुढे उभं राहवत नाही, तिच्यासाठी घरात जत्रा. वाहवा, बाबा!
वरच्या मजल्यावरची, कुवेतला नोकरीला गेलेल्या हैथमची आई सगळ्यांत आधी आली. खोलीत डोकावून म्हणाली, "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत गं पोरीचे!"
मावशी म्हणाली, "आतून पिवळे आहेत."
आतून! रोवैदा उशीत तोंड खुपसून हसली. खरंच हसली! मग म्हणाली, "रविवारी येते मी शाळेत. पण हात सोडायचा नाही."

रविवार, १९
पोचलो! फाटकाशी! हाताला नखं रुतली माझ्या, पण सोडला नाही.
जिन्यातली बातमी शाळेपर्यंत पोचली होती; फाटकावरच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. "कावीळ ना हिला? बरी झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा. बाकीच्या मुलींना लागण होईल."
घरी येऊन रोवैदाने आतून कडी लावली. बाबा विचारतायत, दाखल्यात लिहायचं काय? मी म्हटलं, "लिहा, नव्हती ती बरी झाली." कुणी हसलं नाही. मीही.

सोमवार, २०
हैथमची आई पुन्हा आली, नवी बरणी घेऊन. कडी निघाली. रोवैदा आपणहून बाहेर आली.
"मला कावीळ नाही, काकू. मला शाळेची भीती वाटते."
बाबा मात्र पिवळे पडले.
काकूंनी बरणी खाली ठेवली. दार लोटून घेतलं. "हैथम कुवेतला नाही गं. वरच आहे. खोलीतून बाहेर येत नाही."
त्याला नोकरी लागली म्हणून वाटलेलं सरबत आम्ही सगळे प्यायलो होतो!
रोवैदा वाकून चपला शोधत होती. "काकू, मी येऊ वर?"