लाईट बिलाच्या फोल्डरमधलं लग्न

आई,

ताईच्या लॅपटॉपमधली हरवलेली जागा सापडली. लॅपटॉप बिघडलेला नाही, आणि मी बिघडवलेलाही नाही.

'लाईट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये तू तिच्या लग्नाचं शूटिंग लपवलंस. तेही चार वेळा, एखादं खराब झालं तर असावं म्हणून. चारही प्रतींमध्ये भाऊजी स्टेजवर मोबाइलच बघतायत. पाचव्या प्रतीतही सुधारले नसते.

सगळं उडवलं. ताईला वाशीच्या नव्या नोकरीचं सॉफ्टवेअर टाकायचंय. ओरडायचं तर मला ओरड, तिला नको. सासरी परत जाणार नाही, हे तिने अजून किती वेळा सांगायचं?

तरी 'परत कधी जातेस?' या प्रश्नावर आपल्या घरात तत्काळ व कायमस्वरूपी बंदी घालण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
सुगत