बजाबाईचा नारळ

२७ फेब्रुवारी १९७३, मंगळवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्याजोगं नाही. म्हणून इथं.

दाक्षायणीच्या पोटातली गाठ काढायला सकाळी इस्पितळात तिला आत नेलं. जाता जाता म्हणाली, "प्रार्थना करा हं. पण आटोपशीर! तुमची संपेपर्यंत डॉक्टर जेवून येतील."

दार बंद झालं. बाकावर बसलो, डोळे मिटले — आणि काही सुचेना! चर्चच्या वडीलमंडळात बसणारा मी, ख्रिस्ती मासिकाचा सोलापूरचा वार्ताहर, देवाच्या प्रीतीवर दर अंकात एक परिच्छेद ठरलेला. आणि एक शब्द नाही. मग ओठ आपोआप हलू लागले. थोड्या वेळानं ध्यानात आलं — मी मृत्युंजयाचा मंत्र म्हणतोय. अक्कलकोटच्या पाठशाळेत घोकलेला, बाप्तिस्मा घेतल्यापासून एकदाही न उच्चारलेला. उच्चार अगदी शुद्ध. शास्त्रीबुवा खूश झाले असते.

कळल्यावरही थांबलो नाही. तिला बाहेर आणेपर्यंत म्हणत होतो.

गाठ निघाली. ती शुद्धीवर आहे.

२८ फेब्रुवारी

चर्चचे पाळकसाहेब भेटून गेले. "गुरुलिंगराव, हे तुमच्या विश्वासाचं फळ!" मी मान डोलावली. डोलावली!

१ मार्च

आमच्या मंडळीतली, चर्चच्या शेवटच्या ओळीत बसणारी बजाबाई डोक्यातून जात नाही.

नाताळाच्या सुमारास तिच्या नातवाला तापात झटके आले. पोर हातचं जातंय असं वाटून तिनं सिद्धेश्वराला नारळ ठेवला. कुणीतरी पाहिलं, गोष्ट वडीलमंडळापुढं आली. पाळकसाहेब समज देऊन सोडणार होते. मीच म्हणालो, "नारळ फोडला बाईनं, भेग पडली मंडळीला!" काय हशा पिकला! त्या हशातच ठराव झाला — ईस्टरपर्यंत बजाबाईला प्रभुभोजनाची भाकर नाही.

ती एवढंच म्हणाली होती, "मी भ्याले व्हते, सायेब."

इतिवृत्त मी लिहिलं. त्यात हे वाक्य नाही. माझा विनोद आहे.

४ मार्च, रविवार

प्रभुभोजन. भाकरीचं ताट फिरवायचं काम माझ्याकडं. आज दुसऱ्या कुणाला द्या, असं पाळकसाहेबांना सांगायचं ठरवून गेलो होतो. पण ते सगळ्यांदेखत माझा हात हातात घेऊन पुन्हा 'फळ' म्हणाले. घेतलं ताट.

बजाबाई शेवटच्या ओळीत. मला पुढं जाता यावं म्हणून तिनं गुडघे आवरून घेतले. ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही. हळूच विचारलं, "दाक्षाबाईंचं कसं हाय वो?"

"बरं आहे," म्हणालो, आणि ताट पुढं नेलं.

असा मी!

५ मार्च

दाक्षायणीला सगळं सांगितलं. हसायला लागली — टाके ओढले म्हणून थांबली. "म्हणजे मी आत, आणि बाहेर तुमची पाठशाळा!" मग म्हणाली, "अहो, भ्यालेलं पोर भलत्याच नावानं ओरडलं, तर बाप काय 'मला कुठं हाक मारली' म्हणून पडून राहतो? उठतोच की."

"पण मग बजाबाई? ती ओरडली तेव्हा मी—"

"तुम्ही कुठं बाप होता? तुम्ही वार्ताहर होता."

थोड्या वेळानं — "वडीलमंडळाला मग सांगा. आधी तिच्याकडं जा."

६ मार्च

गेलो. बजाबाई घागर घेऊन टँकरच्या रांगेत. उन्हात तिथंच उभ्या उभ्या सांगितलं.

"आन् आता तुमाला कोन बाहीर बसवनार?"

"माझा मीच बसतो. शनिवारी वडीलमंडळापुढं सांगणार आहे."

"नगा सांगू, सायेब. लई हसत्यात लोक. मला ठावं हाय."

टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग घागर शेजारणीकडं देऊन म्हणाली, "चला. दाक्षाबाईंजवळ बसते म्या जरा. तुमी जेवला न्हाय वाटतं."

७ मार्च

दाक्षायणीला ताप चढलाय. डॉक्टर नजर चुकवतात. मंत्रही सुचत नाही, प्रार्थनाही नाही. बजाबाई उशाशी.

९ मार्च, शुक्रवार

दुपारी दाक्षायणी गेली.

वडीलमंडळ सगळं दाराशी उभं होतं. तिचा हात धरून मी प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीपाशी आलो, आणि पुढं जाता येईना. तिथून बजाबाईनं उचलली. शेवटपर्यंत म्हटली.

कुणी हसलं नाही.

आमेन तेवढं माझं.