अहो, तुमचा मोबाईल अपडेट झाला!

अहो,

‘प्रिय’ लिहायला गेले आणि माझं मलाच हसू आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एकदाही प्रिय म्हटलं नाही. आता कागदावर म्हटलं तर तुम्हाला वाटायचं, हे भलत्याचंच पत्र आपल्या हाती आलं. तेव्हा आपलं ‘अहो’च बरं.

लिहायचं कारण काय, तर काल रविवारी मी तुमचा मोबाईल अपडेट केला. मी! माझ्या हातानं! शेजारच्या कमलपुढं मिरवून झालं, अंकुशनगरला फोन लावून आपल्या सुनीताला दोनदा सांगून झालं, तरी पोटात मावत नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. नात झाली तेवढं सोडलं, तर एवढ्या दिवसांत तुम्हाला सांगावं असं आनंदाचं काही घडलंच नव्हतं, आणि आता घडलंय तर ऐकायला तुम्ही नाही. हे काही बरं केलं नाहीत.

तुम्ही असता तर मला हात तरी लावू दिला असता का? बिलकुल नाही! तीन वर्षं तो मोबाईल बिचारा विनवत होता, नवीन सॉफ्टवेअर आलंय, टाकून घ्या. आणि तुम्ही ‘नंतर’वर बोट दाबून मोकळे. “चालत्या गाडीला कशाला खीळ घालायची? चालून राह्यलाय ना बराबर?” हेच तुमचं एक उत्तर. छातीत दुखायला लागलं तेव्हाही मी जालन्याला दाखवायला चला म्हणत होते, आणि तुमचं नंतर, नंतर. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. इथं लिहून ठेवते, म्हणजे तुमच्याही ध्यानात राहील.

पण खरं सांगू? तुमच्या माघारी वर्षभर मीही ‘नंतर’च दाबत होते. मला भीती वाटायची. तुमची हाक त्या मोबाईलमध्ये आहे ना!

आठवतं का, चार वर्षांपूर्वी दिवाळीला सुनीता आली होती आणि तुमच्यामागं रानात गेली होती? तुम्ही मेंढरांना हाक मारलीत आणि तिनं ती मोबाईलमध्ये भरून घेतली. “हुर्रऽऽ य्यॉव्! हुर्रऽऽ य्यॉव्!” आणि तीच तुमच्या मोबाईलची रिंग करून दिली. काय मिरवलात हो तुम्ही! हसनाबादच्या बाजारात मुद्दाम लोकांना फोन लावायला सांगायचात. मग एक दिवस दुपारी भाऊजींनी सहज फोन केला, तुमचा मोबाईल खिशात वाजला आणि तुमची सगळी मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यातून आडवी पळत आली! शेजारी शिव्या देतोय आणि तुम्ही बांधावर बसून हसताय. मी भाकरी घेऊन आले तर मलाच सांगता, “पाह्यलं का? आता बसल्या जागी मेंढरं!”

त्या चेष्टेनंच वर्षभर मला तारलं. तुम्ही गेलात आणि ही बावीस मेंढरं माझं काही ऐकेनात. मी अगदी तुमच्यासारखं हुर्र केलं, य्यॉव् केलं, घसा बसेपर्यंत केलं. एक मान वर करेल तर शपथ! शेवटी कमलनं शक्कल काढली. “काकू, म्या रोज पाच वाजता मिस कॉल देत जाईन. तुम्ही उचलू नका, नुसता मोबाईल वर धरा.” तेव्हापासून रोज पाचला मोबाईल वाजतो, मी हात उंच करून उभी राहते आणि मेंढरं घरामागच्या वाडग्याकडं वळतात. रिंग अर्धा मिनिट वाजून तुटते. तेवढं पुरतं.

भाऊजींना ते पटत नाही. तुमच्या भावाचा जीव आहे माझ्यावर, वाईट नाही तो माणूस, पण एकच पालुपद. “वहिनी, मोबाईलच्या भरवशावर मेंढरं ऱ्हात न्हाईत. गिऱ्हाईक हाय, देऊन टाका. सुनीताकडं जाऊन आरामात ऱ्हा.” एकदा मी चिडून म्हटलं, हा मोबाईल चालतोय तोवर मेंढरं माझी. ते लगेच म्हणाले, “बरं मंग, ज्या दिवशी बंद पडंल त्या दिवशी म्या गिऱ्हाईक घेऊन आलो म्हणून समजा.” मीही हो म्हणून बसले. तोंडाला कुलूप घालायची सवय मला कधी होती?

आणि नेमका याच महिन्यात मोबाईलनं आडवा पाय घातला. सुनीताचे व्हिडिओ कॉल येतात ते ॲप म्हणायला लागलं, जुन्या सॉफ्टवेअरवर मी चालणार नाही. तुमची नात आता भिंत धरून चालते. तुम्ही तिला पाहिलंच नाही, निदान मी तरी बघू नको का? सुनीता म्हणाली, “आई, अपडेट कर, कायी होत न्हाई.” मी विचारलं, बापूंची हाक जाणार नाही ना? ती म्हणाली, “जायला नको.” जायला नको म्हणजे काय हो? जाणार नाही असं तर ती म्हणाली नाही!

चार दिवस मी तो मोबाईल नुसता हातात धरून बसत होते. इकडं नात, तिकडं तुमचा आवाज. शेवटी म्हटलं, खंडोबाचा वार बघून करू, जे होईल ते होईल.

आधी तो म्हणाला, जागा नाही. जागा कुठून असणार? दोनशे गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, उगवता सूर्य, आणि एकाच मेंढ्याचे एकसष्ट फोटो! एवढे फोटो तुम्ही माझे काढले असते तर! फुलं सगळी पुसली, सूर्य पुसले, मेंढ्याचे दोन ठेवले. मध्येच नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या काही फायली दिसल्या, त्यातल्याही चार-पाच पुसल्या. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग म्हणाला, बॅटरी अर्धी तरी हवी. म्हटलं, लावू चार्जिंगला. पण त्याआधी, नव्या कामाचा आरंभ म्हणून मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल. देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, येळकोट येळकोट म्हणत मोबाईलवर उधळला. चांगला मूठभर! आणि चार्जर लावते तर शिरेचना. भोकात हळद गच्च!

कमल हसून हसून खाली बसली. “काकू, देवाला ल्हानशी चिमूट चालती!” मग खराट्याच्या काडीला लोकरीचा बोळा गुंडाळून आम्ही दोघी तासभर ती हळद कोरत बसलो. कोरली तेव्हा लागला चार्जर. तुमचा मोबाईल अजून पिवळा दिसतो, नव्या नवरदेवासारखा.

आणि मग मी दाबलं बटण. डोळे मिटूनच दाबलं. पडदा काळा झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काहीच नाही. कमल म्हणते, “गेला का काय?” मी तिच्यावर ओरडले, शुभ बोल म्हणून. मग हळूच उजेड आला, आकडे पळायला लागले, आणि अहो, उघडला की! नवा कोरा! अक्षरं मोठी, रंग वेगळे, घड्याळ केवढं थोरलं! आम्ही दोघी टाळ्या पिटत अंगणात नाचलो. या वयात! सुनीताला व्हिडिओ कॉल लावला, तर नातीनं तिकडून मोबाईलच तोंडात घातला. मला तिचे दोन दात दिसले.

पाच वाजता मी नदीकाठी मेंढरांजवळ गेले. ठरल्याप्रमाणं कमलचा मिस कॉल आला. मी हात वर केला. आणि मोबाईल वाजला टिंगटिंग, टुंगटुंग! दुकानातून आणला तेव्हा होती ती रिंग!

मेंढरांनी खाली घातलेल्या माना वर केल्या नाहीत. मी तिथंच मातीत बसले. सुनीताला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, रडू नको. रिंग बदलली असंल नुसती. आवाजाची फाईल मोबाईलमध्येच ऱ्हाते. आकड्याचं नाव असंल बघ तिला.”

आकड्याचं नाव! मी सकाळी पुसलेल्या त्या चार-पाच फायली! त्या वेळी माझं काय झालं ते तुम्हाला सांगता येत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा गेलात, आणि या खेपेला मीच घालवलं, असं वाटलं. सुनीता तिकडून सांगत होती, हे उघड, ते उघड. रेकॉर्डिंग असं लिहिलेलं उघडलं, तर आत एकच फाईल. आकडेच आकडे. दाबली.

“हुर्रऽऽ य्यॉव्!”

अहो, तुम्ही होतात! होतात तिथंच! मी मोबाईल डोक्यावर धरला आणि मोठ्यानं हसत सुटले. मेंढरं वळली, धूळ उडवत आली, माझ्याभोवती गोळा झाली. आणि एरवी रिंग तुटते तिथं आवाज तुटलाच नाही. ती रिंग नव्हती ना, अख्खी फाईल होती. पुढं तुम्ही खोकलात. मग म्हणालात, “आली का गं?”

सुनीता म्हणाली, “न्हाई बापू. तिकडं वळलीत.”

आणि लांबून कुणीतरी बाई ओरडली, “या गं बायांनोऽऽ, या!” घंट्या वाजल्या, ढीगभर घंट्या. मला काही क्षण कळलंच नाही. ती बाई मी होते! भाकरी घेऊन येत होते त्या दिवशी, आणि मेंढरं भाकरीच्या वासाला आली असंच समजले होते. तुमच्यासारखं हुर्र नाही, य्यॉव् नाही, नुसतं माझं आपलं.

मग तुम्ही हसलात. “घ्या! म्या इथं घसा फोडून राह्यलो अन् हे चालले भाकरीवालीकडं!”

सुनीता म्हणाली, “सांगू का आईला?”

“न्हाई गं माय! बिलकुल न्हाई. तिच्याबी हाकंला येतेत हे कळलं, तं मला घरी बसवंल अन् सवता येईल रानात. माझी शपथ हाय तुला. बंद कर ते जल्दी.”

लबाड माणूस! चार वर्षं लपवलंत! मी फोनवर सुनीताला झापलं तर ती म्हणते, “आई, म्या तर इसरूनच गेल्ते गं.” मी त्या बावीस मेंढरांच्या मधोमध बसून हसत होते आणि रडत होते, आणि एक कोकरू माझा पदर चघळत होतं. वर्षभर मी तुमची नक्कल करत होते हो. माझी म्हणून हाक एकदाही मारून बघितली नाही. तुमच्या माघारी माझ्या आवाजाला कोण विचारतंय, असंच धरून चालले होते.

आज कमलला सांगितलं, मिस कॉल देऊ नको. भाऊजींना मुद्दाम बोलावून घेतलं, बांधावर उभं केलं. पाच वाजले. मोबाईल कमरेला खोचलेला. म्हटलं, “या गं बायांनोऽऽ, या!”

आली! अहो, आली! आधी दोन, मग पाच, मग सगळा लोंढा! भाऊजी म्हणाले, “वहिनी, मंग त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?” मी म्हटलं, सांगा दुसरं गाव बघायला. ते हसले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि स्वतःच वाडग्याचं दार उघडून उभे राहिले.

आत घेताना मोजली. एकवीस भरली. तुमची ती म्हातारी ठिपकी आलीच नव्हती. नदीकडं तोंड करून एकटी उभी होती. मी तीनदा हाक मारली. कान हलवले तिनं, पण पाय हलवला नाही. तिचं मला कळलं. मग मी मोबाईल काढला आणि तुम्हाला लावलं. ती वळली, आणि सावकाश चालत आली.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. मेंढरं विकणार नाही. एकवीस माझ्या हाकेवर आत घेईन, आणि ठिपकीसाठी रोज एकदा तुमचा आवाज लावीन. ती आता किती दिवसांची, ते तुम्हालाही ठाऊक आहे. ती गेल्यावरही मी लावणारच आहे. तेव्हा मात्र कुणासाठी लावते म्हणून कमलनं विचारलं, तर खरं काय ते सांगून टाकीन.

तुमचीच,
कौसल्या