कलम सातवं

जिल्हा तुरुंग, मेपल फोर्ड
१२ ऑक्टोबर १९२०

प्रिय सायलसदादास,
लुएलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तिसऱ्यांदा आत आले आहे. शेरीफसाहेबांना आता माझी उशी कोणती हेही पाठ झालं आहे. या खेपेला डॉक्टरांच्या मंडळाने पाठवलेली खोटी रोगी बाई मोठी गुणी निघाली. कंबर धरून अशी कण्हली की मला खरंच तिची दया आली. मणका बसवून झाला तशी उठली आणि खिडकीतून शिपायाला हात केला. जाता जाता मला म्हणते कशी, की कंबर मात्र खरोखरच मोकळी झाली हो. आता काय बोलावं!

न्यायाधीशांनी विचारलं, दंड भरता की चार महिने बसता. तू शिकवलंस तेच मी सांगितलं. दंड भरला म्हणजे परवान्यावाचून डॉक्टरकी केल्याची कबुली झाली. मी औषध देत नाही, सुरी लावत नाही, रोगाला नावसुद्धा देत नाही. मी मणका जागेवर आणते, बरं करायचं काम शरीराच्या उपजत शहाणपणाचं. त्यावर न्यायाधीश म्हणाले, की ते शहाणपण थोडं तुमच्या वाट्याला आलं असतं तर बरं झालं असतं. सगळं कोर्ट हसलं, मीही हसले.

चर्चमधली मंडळी रोज खिडकीखाली स्तोत्रं म्हणतात. शेरीफच्या बायकोने माझं मणके बसवायचं टेबल कोठडीत आणू दिलं आहे आणि सकाळी गजांपाशी रांग लागते. घरी कोंबड्यांकडे शेजारची ऑगस्टा बघते. काळजी एवढीच, की अशा किती खेपा सोसतील? क्लाइड गेल्यापासून या दोन हातांवरच माझं पोट आहे, आणि दुसरं काही या हातांना येत नाही.

तुला अजून एकदाही कसं पकडलं नाही म्हणून इथे सगळे तुझी थट्टा करतात. मी तुझी बाजू घेते. म्हणते, बाबांनो, कागद लिहायला कोणीतरी बाहेर हवाच. तर आमच्या कैदेचं चीज कर, म्हणजे झालं.

कळावे. गजांतून पोचेल एवढा लोभ तरी असू द्यावा.

तुझी,
लुएला

---

राजधानी
१८ फेब्रुवारी १९२१

चि. लुएलास,
सायलसचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप घरी पोचल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. बाहेर येताना केलेल्या तुझ्या भाषणाची बातमी इथल्या वर्तमानपत्रात आली. तुझी मार्थावहिनी ते कात्रण येईल त्याला दाखवते.

आता मुद्द्याचं. आपलं विधेयक बावीस तारखेला विधिमंडळाच्या समितीपुढे येतं आहे. ते मंजूर झालं, की कायरोप्रॅक्टरांचं, म्हणजे आपल्या मणके बसवणाऱ्यांचं, स्वतःचं परीक्षक मंडळ होईल. डॉक्टरांचा आपल्यावर हात चालणार नाही. पुढे ज्याला हा धंदा करायचा त्याने अठरा महिने विद्यालयात काढून परीक्षा द्यायची. जुन्या माणसांची वेगळी सोय केली आहे, त्याची काळजी तू करू नकोस.

समितीतले दोघे अजून कुंपणावर आहेत. माझ्या पंचवीस पानी निवेदनाने ते हलणार नाहीत, तुझ्या पाच मिनिटांनी हलतील. तीनदा तुरुंगात गेलेली विधवा बाई डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. तो तपकिरी झगा घाल, त्या उपजत शहाणपणाच्या तत्त्वज्ञानात फार शिरू नकोस, आणि एकदा रागव, तुला रागावणं शोभतं. मार्था कोंबडी भाजणार आहे.

गाडीचं कळव. तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेल्या भावावरची माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
सायलस

---

मेपल फोर्ड
१४ मार्च १९२१

प्रिय सायलसदादास,
स. न. वि. वि.

तार मिळाली. मंजूर! पोस्टमास्तरांनी ती दुकानाच्या पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचली. ऑगस्टाने मला उचलून गोल फिरवलं. माझाच मणका सरकला असता.

त्या दिवशी मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. कोठडीत माझ्याकडे येणाऱ्या त्या पांगळ्या गवंड्याबद्दल बोलले, आणि एवढं आठवतं, की मागे वळून पाहिलं तर तू रडत होतास. लहानपणापासून तुला रडताना मी पाहिलं नव्हतं. परत येताना आगगाडीत तेच मनात घोळत राहिलं.

परवान्याचा अर्ज आजच टाकला. सुताराकडून चेरीच्या लाकडाची चौकटही करून घेतली. हसू नकोस. बारा वर्षं दाराला कडी लावून, पडदे ओढून काम केलं. आता भिंतीवर कागद लावून, पडदे उघडे टाकून बसणार आहे. आणि अर्जाच्या उत्तराखाली नव्या मंडळाचा चिटणीस म्हणून तुझीच सही असणार, याचा आनंद वेगळाच.

मार्थावहिनीला माझं प्रेम, आणि दोघांनी असंच मला आपलं म्हणत राहावं.

लुएला

---

राजधानी
९ एप्रिल १९२१

चि. लुएलास, आशीर्वाद.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. तुझा अर्ज मंडळाला नाकारावा लागला आहे. सातव्या कलमाप्रमाणे पाच वर्षं धंदा केलेल्यांना परीक्षेविना परवाना मिळतो, पण ज्यांना पूर्वी कोर्टात शिक्षा झाली आहे त्यांना तो मिळत नाही. तुरुंगात गेलेले तुम्ही अकराही जण त्यात अडकलात.

हे शब्द डॉक्टरांच्या पक्षाने शेवटच्या घटकेला घुसवले. नाही म्हटलं असतं तर विधेयक दोन वर्षं मागे पडलं असतं. आपल्या धंद्यातल्या तीनशे माणसांचा प्रश्न होता, लुएला. मी काय करायला हवं होतं?

वाट बंद झालेली नाही. गव्हर्नरसाहेब माफी द्यायला तयार आहेत. सोबत अर्जाचा नमुना आहे, मीच लिहिला आहे. सही करून पाठव. महिन्याभरात परवाना तुझ्या चौकटीत असेल.

रागावली असशील. तरी या भावाला अंतर देऊ नये.

सायलस

---

मेपल फोर्ड
१६ एप्रिल १९२१

श्री. सायलस हॉकेट, चिटणीस, परीक्षक मंडळ, यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा नमुना वाचला. मी परवान्यावाचून डॉक्टरकी केली, तो गुन्हा होता, आणि मला त्याचा पश्चात्ताप होतो, असं त्यात मला म्हणायचं आहे. हे म्हणायचंच होतं तर पहिल्याच दिवशी दंड भरून घरी आले नसते का? बारा वर्षांपूर्वी तुमच्याच स्वयंपाकघरात, टेबलावरचं पीठ पुसून, तुम्ही माझं बोट धरून मणक्यांवरून फिरवलंत. हे काम औषधाचं नाही, असं कधीही कबूल करायचं नाही, हे मी तिथेच शिकले. मला शिकवलंत ते तुम्हाला स्वतःला लागू नाही, हे मात्र सांगायचं राहिलं.

मंगळवारी मी जिल्ह्याच्या वाचनालयात जाऊन समितीपुढे ठेवलेल्या विधेयकाची छापील प्रत काढायला लावली. सातवं कलम तिच्यात शब्दन् शब्द आहे. वर छापल्याची तारीख सतरा फेब्रुवारी आहे. तुम्ही मला बोलावणारं पत्र लिहिलंत अठराला. शेवटची घटका फारच लवकर आली म्हणायची.

म्हणजे मी समितीपुढे उभी राहून माझ्या कैदेच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा त्याच कैदेपायी माझा धंदा जाणार हे त्या खोलीत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही रडलात ते अभिमानाने, असं मी गावभर सांगितलं. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. तीनशे माणसांसाठी अकरांना सोडावं लागलं, हे मला समोर बसवून सांगितलं असतंत, तर देवाशपथ, कदाचित मी तरीही आले असते आणि तेच बोलले असते. तेवढंसुद्धा विचारण्याच्या लायकीची मी तुम्हाला वाटले नाही. मला राग आला आहे, आणि तो ओसरला की खाली नुसतं रडू आहे. ऑगस्टा दोन दिवस माझ्यापाशी झोपते.

गावातले बाकीचे दोघे कायरोप्रॅक्टर पोलीस आले की मागच्या दाराने पळायचे. त्यांना परवाने आले. काल वाटेत भेटले, टोपी काढली आणि पलीकडच्या फुटपाथवर गेले.

नमुना सही न करता परत पाठवते आहे. सोमवारी आठ वाजता मी दार उघडणार, पडदे सारणार आणि येईल त्याचा मणका बसवणार. बाराव्या कलमाप्रमाणे बिनपरवाना माणसावर फिर्याद करायची जबाबदारी चिटणीसाची आहे. ती करा. दंड मी भरणार नाही. आजवरच्या तिन्ही फिर्यादींवर नुसता डॉक्टरांच्या मंडळाचा शिक्का असायचा, मला धरून देणारा माणूस कोण ते कधी कळलं नाही. या वेळी सही स्पष्ट अक्षरांत करा. कोर्टात ती मला मोठ्याने वाचायची आहे.

कळावे.

लुएला प्रॅट