जनाचं पातेलं

९ मार्च, रविवार

पातेलं ओट्यावर आहे. घासून पालथं घातलंय. त्याच्याकडे बघवत नाही.

काल पठारावर होतो – मी, उमा, अनुपम. कॉलेजपासूनचे तिघे. दर वर्षी ऊन तापायच्या आत एक रात्र वर तंबू ठोकायचा आणि जेवायला खाली वाडीत जनाकडे उतरायचं, हे ठरलेलं. जनाला मी फोन केला होता. ‘कोंबडा कापते,’ म्हणाली. ‘येवा नक्की!’

गेलो नाही. अनुपमने गॅसचा नवा स्टोव्ह आणला होता, त्याला तो पेटवून दाखवायचाच होता. पाय गळून गेलेले, जांभळीखाली वारा छान. उमा म्हणाली, ‘अगं, ती वाट बघेल.’ मी म्हणाले, ‘इथे रेंज नाही. समजेल तिला.’ पाकिटातलं सूप झालं, नूडल्स झाले. मग अनुपम म्हणाला, ‘ए, जनाची नक्कल कर ना!’

केली.

सकाळी उमाला हे पातेलं दिसलं. जांभळीच्या पलीकडच्या खडकावर, फडक्यात बांधलेलं. आत कोंबड्याचा रस्सा, वर पळसाच्या पानांत तांदळाच्या भाकऱ्या. मुंग्या लागल्या होत्या.

म्हणजे संध्याकाळी कोणीतरी एवढं ओझं घेऊन वर आलं. आमचं हसणं ऐकू येईल इतक्या जवळ उभं राहिलं. आणि हाक न मारता परत गेलं.

‘पोशा असणार,’ अनुपम म्हणाला. पोशा म्हणजे जनाचा नवरा. एरवी आम्हाला पाण्याचा हंडा तोच आणून देतो. उतरताना वाडी टाळली, पळसदरीच्या बाजूने आलो. मीच सुचवलं ते.

१० मार्च

भांडं रिकामं परत देऊ नये – आईची शिकवण. मूठभर साखर तरी घालून द्यायचं.

यात काय घालू?

१२ मार्च

कोणती नक्कल केली, तेही लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे!

गेल्या पावसाळ्यात जनाला बरं नव्हतं. बायकांचं दुखणं, नवऱ्यालाही सांगवेना. मी तिला कर्जतमध्ये डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुठे दुखतं, विचारल्यावर जना पदर तोंडाशी धरून म्हणाली, ‘हितं नाय वो... त्याच्याबी खाली... मंजी आपलं... तुमाला बी हाय ना, तितंच!’

माझा हात तिने घट्ट धरला होता. मी चष्मा वर सारला, तिच्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, ‘घाबरू नकोस जना. मी आहे ना.’

बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘कोनाला सांगू नका हां ताई. ह्यांनापन नाय.’

‘छे गं!’

तेच शनिवारी केलं. पदराऐवजी टॉवेल घेऊन. ‘तितंच!’ म्हटल्यावर उमा पोट धरून लोळली. अनुपम म्हणाला, ‘पुन्हा, पुन्हा!’ पुन्हा केलं.

पोशाने ते ऐकलं असेल. बायकोने लपवलेलं दुखणं त्याला चेष्टेतून कळलं असेल. घरी जाऊन तिला काय काय बोलला असेल?

१३ मार्च, होळी

सदराचा मजकूर वेळेवर गेला. होळीवरच लिहिला. संपादकांचा फोन – ‘या आठवड्यात तुमची जना नाही? वाचक विचारतात हो तिच्याबद्दल.’

माझी जना!

इतक्या वर्षांत एकदाही मजकूर उशिरा दिला नाही. एक फोन करायचाय, तो होत नाही.

२३ मार्च

उमा म्हणते, ‘डोकं दुखत होतं म्हणून सांग ना. संपव एकदा.’ खोटं तयार केलं. छान जमलं, सवयच आहे वाक्यं जमवायची. फोन लावला.

‘हं ताई.’

एरवी लगेच विचारते, कवा येताव? आज पुढे काहीच नाही. ‘सहज केला गं’ म्हणून मी ठेवून दिला. तिचं बरं आहे का, एवढंही विचारलं नाही.

६ एप्रिल

रव्याचे लाडू केले. पाक बिघडला. पुन्हा केले.

७ एप्रिल

जाऊन आले.

पोशा अंगणात बाजेवर होता. पायाला प्लास्टर! ‘या या ताई. जना मोहाची फुलं येचाया गेलीय, यील आता.’

मी पातेलं पुढे केलं. पाठ केलेलं सगळं विसरले. ‘पोशाभाऊ, त्या दिवशी वर आलात तर हाक का नाही मारलीत?’

‘मी?’ तो हसला. ‘माजा पाय बगा की! तुमी वर यायच्या आदीच झाडावरनं पडलो, तवापासून हितंच हाय. जना आलती. तुमी उपाशी ऱ्हाल म्हनून.’ लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला. ‘परत आली आन् म्हनली, ताई दमून झोपल्या, उटवलं नाय. मंग आमी जेवलो.’

‘तोवर जेवला नव्हतात?’

‘पावन्यांच्या आदी कसं जेवनार वो?’

त्याला काहीच माहीत नाही. किती हायसं वाटलं मला! वाटलं, सुटले.

मग कळलं, काय सुटले ते. टॉवेलचा पदर तोंडाशी धरलेली मी – ते तिने बघितलंय. आणि घरी जाऊन, मी झोपले होते म्हणून सांगितलंय.

‘थांबा की, यील ती,’ पोशा म्हणत होता. गाडीची वेळ झाली म्हणाले. कसली गाडी? इथे कर्जतलाच, भिसेगावात तर राहते मी. रिक्षा फाट्यावर उभी होती.

४ मे

स्टेशनबाहेर जना करवंदं घेऊन बसली होती. शेजारी वाडीतल्या बायका. मला पुढे निघून जाता आलं असतं. थांबले.

‘जना, मला तुझ्याशी बोलायचंय –’

तिने मान वर केली. नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सारला. शेजारच्या हिरूच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

‘घाबरू नकोस जना. मी आहे ना.’

माझाच आवाज. प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवणारा आवाज. शेवटचा उसासासुद्धा – तो मी टाकते, हे मला माहीत नव्हतं. बायका खो खो हसल्या. ‘आजून येकदा कर गं!’ हिरू म्हणाली. जनाने पुन्हा केलं.

मग द्रोण शिगोशीग भरून माझ्या हातात दिला.

‘काय वो ताई? तुमाला हसू नाय आलं?’