पियानोवरचं कुंकू

रविवार, रात्री जेवणाआधी

विनयने शिकवलेल्या मुलांचा पियानोचा कार्यक्रम पार पडला. तो गेल्यावरचा पहिलाच. बसवनगुडीच्या मंडळात शैलाअक्कांनी दरवर्षीसारखं पियानोला कुंकू लावलं. "सरस्वतीच की ही, स्वल्प लावते." पॉलिश जाईल म्हणून कुरकुरत विनय ते लगेच रुमालाने पुसायचा. आज कोणी पुसलं नाही. मग अक्कांनी मुलींना लावलं. माझ्यापाशी आल्या, थबकल्या, करंडा बंद केला.

"चहा सांगू का गं?"

"सांगा," म्हटलं.

वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही. मुलं वाजवत होती, मी टाळ्या वाजवत होते. सगळे गेल्यावर पियानोवरचं कुंकू पुसलं. रुमाल नव्हता, बोटानेच. ते बोट अजून लाल आहे. या पानालाही लागलंय.